छप्पर कोणी नीट केलं?

ओल्या भिंतीला रंग लावू नका. नागपूर शहरातल्या प्रत्येक ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघानं आपल्या सभेच्या वहीत पहिल्याच पानावर हे लिहून ठेवावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

ऑक्टोबर उजाडला की आपल्याकडे सेवाकार्याची बैठक लागते. नाताळच्या आधी कुठंतरी जायचं असतं. एखादं वसतिगृह, वृद्धाश्रम, गावाकडची शाळा, नाल्याकाठची वस्ती. तिथं जाऊन काय करायचं, असं विचारलं की पहिल्या मिनिटात उत्तर येतं: रंगकाम. पंचवीस वर्षं मी या बैठकांना बसतो आहे. आधी पोरगा म्हणून, मग सचिव म्हणून, आता पोरं ज्याला अंकल म्हणतात तो म्हणून. रंगकामाच्या बाजूनं माझाही हात कितीदा वर गेला आहे. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते आधी मला लागू आहे, मग तुम्हाला.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरायचे नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या स्वयंपाकघरात शिरली. या भागातल्या ओढ्यानाल्यांना कमी लेखू नये. ज्यांच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्समध्ये उभं आहे, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटाकडून परत येताना अशाच फुगलेल्या ओढ्यात बुडाले. २०२३ च्या त्या पहाटेनंतर आमची पोरं घमेली, फावडी घेऊन नदीकाठच्या एका वस्तीत गेली आणि आठवडाभर गाळ उपसत राहिली. गाद्या बाहेर काढल्या, भांडी घासली, नाल्या मोकळ्या केल्या. माझ्या उभ्या आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी तो एक. तिथपर्यंत आमचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते डिसेंबरात. त्याच वस्तीतली आठ घरं रंगवायची ठरली. आठ घरांना एक शनिवार. त्यातलं एक घर एका मावशीचं. लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जाते, नातू तिच्याजवळ असतो. एक खोली, विटांच्या भिंती, वर टिनाचं छप्पर. आम्ही ब्रश भिजवत होतो तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, ‘भिंत अजून वल्ली आहे जी.’ माझ्या कानांनी ऐकलं. भिंतीला हात लावून पाहिला, गार लागली. डिसेंबरात भिंत गारच लागणार, अशी मी माझी समजूत घातली. संध्याकाळपर्यंत आठवं घर संपवायचं होतं. लांबी भरली, ती धड वाळायच्या आधीच पहिला हात मारला, जेवून दुसरा हात मारला. रंग आकाशी. कारण आकाशी रंगाच्या दोन बादल्या कुणीतरी दिल्या होत्या. सहा वाजता सगळ्यांनी त्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढला, प्रार्थना केली आणि निघालो.

पुढच्या जुलैत नातवाच्या शाळेच्या एका कागदासाठी मी एकटा त्या घरी गेलो. पाऊस चालू होता. मावशी फडा घेऊन भिंतीच्या कडेनं आकाशी पापुद्रे झाडत होती. रोज सकाळी झाडावे लागतात म्हणाली. परातीत पडतात म्हणून कणीक झाकून ठेवते. जमिनीपासून कमरेपर्यंतची भिंत उघडी पडली होती. लांबी पिठासारखी सुटत होती आणि विटांवर पांढरा लोणा फुलला होता. खोलीच्या मधोमध छपरातून टपटप पाणी गळत होतं आणि ते धरायला खाली एक बादली ठेवलेली होती. आमची. रंगाची. आम्ही रिकामी करून तिथंच टाकून आलेली, कडेला अजून आकाशी ओघळ.

ती एका शब्दानंही टोचून बोलली नाही. चहा टाकला. बादली भरली तशी उचलून दाराबाहेर ओतली, पुन्हा जागेवर ठेवली.

तेव्हापासून मला रंगकामाच्या बैठकीत शांत बसवत नाही.

आपण रंगच का निवडतो ते सरळ बोलूया. रंग एका दिवसात होतो. रंग पंचवीस पोरांना एका वेळी काम देतो. रंग शिकावा लागत नाही, असं आपल्याला वाटतं. आणि रंग दिसतो. पुढच्या रविवारी उपासनेनंतर पडद्यावर दाखवता येतो, आधीची भिंत, नंतरची भिंत. छपरात बदललेला वायसर पडद्यावर दाखवता येत नाही. तुंबलेली नाली मोकळी केल्याचा फोटो कोणी पाहत नाही. आपण काम निवडत नाही, फोटो निवडतो, आणि त्या फोटोची किंमत मावशी रोज सकाळी झाडून देते.

कुठल्याही रंगाऱ्याला विचारा, तो सांगेल की रंग हे घराचं शेवटचं काम. आधी छप्पर. मग पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठून जातं ते. मग गिलावा. मग वाट पाहणं. हो, वाट पाहणं हेसुद्धा काम आहे. पुरात दिवसभर उभी राहिलेली विटांची भिंत पाण्यानं गच्च भरते आणि ते पाणी बाहेर पडायला महिने लागतात. पडताना विटेतले, मातीतले क्षार घेऊन बाहेर येतं. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर उरतात, तोच लोणा. बोट लावून जिभेवर ठेवलं तर खारट लागतो. त्यावर प्लास्टिक रंग चढवला की आतल्या वाफेला बाहेर यायची वाटच बंद होते. ती मग रंगालाच ढकलते. पापुद्रा सुटतो तो असा.

भिंत सुकली की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. दुधाच्या पिशवीएवढा प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला पक्का बसवा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. आतल्या बाजूला थेंब जमले तर परत जा. रंगाच्या बादल्या टिकतात, एवढ्यात काही बिघडत नाहीत. मला हे चाळिशी उलटल्यावर एका मिस्त्रीकडून कळलं. पंधरा वर्षांच्या पोरांना ते पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे.

जुनी इमारत असेल तर आणखी जपून. नागपुरात मिशनच्या काळातले बंगले आहेत, शाळा आहेत, वसतिगृहं आहेत. त्यांचा गिलावा चुन्याचा. चुना श्वास घेतो, ओल आत येते तशी बाहेर जाते. त्यावर सिमेंट थापून, वर चकचकीत रंग मारून आपण त्या भिंतीचं नाक दाबतो. अशा ठिकाणी चुन्याची सफेदीच बरी. दर दोन-तीन वर्षांनी करावी लागेल, खरं आहे. मग दर दोन-तीन वर्षांनी जावं. आणि तिथल्या दारं-खिडक्यांचा जुना तेलरंग कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या दारांवर काय बसलंय, सांगता येत नाही. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, भुकटी ओल्या कपड्यानं पुसून घ्या, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. वसतिगृहाच्या पोरांना ‘तुम्हीही हात लावा’ म्हणत आपण जुनी दारं घासायला बसवतो, ते थांबलं पाहिजे. आजच.

आमच्या तरुण संघाच्या बायबल अभ्यासात एकदा यहेज्केलाचा तेरावा अध्याय लावला. कच्ची भिंत कोणीतरी बांधतो, दुसरे येऊन तिला चुना फासतात, आणि मग संदेष्टा सांगतो की पाऊस येईल आणि ती भिंत फासणाऱ्यांसकट खाली येईल. हे खोट्या संदेष्ट्यांविषयी आहे हे मला ठाऊक आहे, पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं. पण मला त्या दिवशी त्यात मावशीची भिंतच दिसली. ज्यानं हे लिहिलं, त्यानं ओल्या भिंतीचं काय होतं हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

तर छप्पर.

वस्तीत बहुतेक ठिकाणी टिन असतं किंवा सिमेंटचे पत्रे. टिन गळतं ते सहसा भोक पडून नाही, हुकापाशी. हुकाखालचा वायसर उन्हानं कडक होतो, तडकतो, आणि पाणी हुकाच्या कडेनं आत उतरतं. अख्ख्या घराचे वायसर बदलायला सामान लागतं ते एका जेवणाच्या खर्चाचं. आपल्या सहलीच्या जेवणाचंच म्हणतो मी. दुसरी जागा म्हणजे जिथं पत्र्यावर पत्रा चढतो ती. पत्रे कमी पडले म्हणून चढ अपुरा ठेवलेला असतो, वाऱ्याचा पाऊस उलटा आत घुसतो. तिसरी, भिंत आणि पत्रा जिथं भेटतात ती फट. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कोणाही पोराला नुसतं चढवू नका. तो दिसतो दणकट आणि पायाखाली बिस्किटासारखा तुटतो. खालच्या लाकडाच्या किंवा लोखंडाच्या आडव्या दांडीचा अंदाज घेऊन वर फळी टाकायची, फळीवरूनच सरकायचं, आणि चढायचं ते काम येणाऱ्यानंच. आपल्या पोरांनी खाली शिडी धरावी, सामान द्यावं, शिकावं.

आता महत्त्वाचं. छपराचं काम डिसेंबरात होत नाही, म्हणजे करता येतं, पण कोणाला सुचत नाही. आभाळ निळं असतं, गळती आठवत नाही, बाईसुद्धा विसरलेली असते. नागपुरात घराच्या डागडुजीचा महिना मे. मृग लागायच्या आत कवेलू फेरायचे, टिन ठोकायचं, नाल्या काढायच्या, हे आपल्या आज्या-पणज्यांचं वेळापत्रक आहे आणि ते पावसानं आखून दिलेलं आहे. आपण आपलं सेवाकार्य नाताळाला बांधलं आहे. ते पावसाला बांधायला हवं.

मे म्हटलं की पालक म्हणतात, पारा ४५ च्या वर जातो, पोरं आजारी पडतील. काळजी खरी आहे. पण ज्यांच्या घरावर टिन आहे ती माणसं त्याच मे महिन्यात त्याच टिनाखाली दुपार काढतात. आणि आपल्याच विदर्भात हे करून दाखवलेलं आहे. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिच्या तारखा कधी ठेवल्या? १५ ते २२ मे. ऐन वैशाख वणव्यात, महाराष्ट्रभरातली पोरं तिथं भल्या पहाटे उठून कुदळ-फावडं घेतात. पहाटे सुरू करायचं, ऊन चढलं की हत्यारं खाली ठेवायची, दुपारी सावलीत बसायचं, बोलायचं. आपल्याला एवढंच करायचं आहे, तेही आपल्याच शहरात, रात्री घरी झोपायला येऊन.

बाबा आमट्यांच्याच वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचंही एक सांगायचं आहे, आणि त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये हॉलंडमधल्या बिल्थोवेन या गावी युद्धविरोधी ख्रिस्ती मंडळी जमली होती. नुसतं बोलून काय होणार, जे पाडलं ते बांधायला जाऊ, असा विचार तिथं पुढं आला. पिएर सेरेझोल नावाच्या स्विस माणसानं तो उचलला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात तो मूठभर माणसं घेऊन गेला. त्यांत जर्मनही होते. ज्यांच्या देशाच्या तोफांनी ते गाव उडवलं होतं, ते आता तिथं लोकांसाठी निवारे उभे करत होते. आज जगभर जिथं जिथं तरुण पोरं सुट्टीत दुसऱ्याचं घर दुरुस्त करायला जातात, त्या वाटेचा एक मोठा उगम हा आहे. पण पाच-सहा महिन्यांतच ते काम थांबवावं लागलं. गावात जर्मन नकोत, असा विरोध झाला. सेरेझोलनं गाव सोडलं. मला या गोष्टीतला हा भागच जास्त मोलाचा वाटतो. ज्यांचं घर आहे त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे, आणि सेवेला आलेल्यांनी तो ऐकायचा असतो. आमच्या मावशीनं ‘वल्ली आहे’ म्हटलं होतं, तोही एक प्रकारचा नकारच होता.

त्याच सेरेझोलची ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना १९३४ च्या भूकंपानंतर बिहारात आली आणि १९५० च्या दशकात वरोऱ्याला. आनंदवन तेव्हा नुकतंच रुजत होतं. १९५१ मध्ये बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये घेऊन त्या खडकाळ जमिनीवर राहायला गेलेले. गावातली माणसं त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. तिथं पिकवलेली भाजी कोणी घेत नव्हतं. मग देशोदेशीची ही पोरं आली, कुष्ठरुग्णांच्या बरोबरीनं विटा वाहिल्या, इमारती उभ्या केल्या. आणि तिथलीच भाजी, तिथलंच जेवण, त्याच माणसांबरोबर बसून जेवली. ते पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीती मोडायला लागली.

आपण सेवेला जाताना जेवण कुठून नेतो? चर्चमधून. डबे, पाण्याचे जार, कागदी ताटल्या, सगळं सोबत. वस्तीवर ओझं नको म्हणून. हेतू चांगला आहे. पण मग आपली पंचवीस पोरं एका बाजूला सतरंजीवर बसून जेवतात आणि वस्तीतली माणसं दारातून बघतात. घर कुठं गळतं हे कोणतीही बाई तुमच्या फॉर्मवर लिहून देणार नाही. चुलीपाशी बसलात, तिनं वाढलेली झुणका-भाकर खाल्ली, तर ती बोलता बोलता वर बघून सांगेल. मला मावशीच्या छपराचं कळलं ते चहाच्या कपावर, आणि तेही सात महिने उशिरा. यापुढे शिधा द्या आणि त्यांच्या चुलीवरचं जेवा.

आणि मिस्त्रीला रोजी द्या.

यावर बैठकीत हमखास वाद होतो. सेवेच्या कामात मजुरी कशी द्यायची? आपली पोरं फुकट राबतात, मग पैसे कुणाला? मला यात वादाला जागाच दिसत नाही. सकाळी सात वाजता शहरातल्या मजुरांच्या कोणत्याही ठिय्यावर जाऊन उभे राहा. हातात थापी घेतलेला मिस्त्री, बादलीत ब्रश उभे करून बसलेला रंगारी, डोक्याला पदर बांधलेल्या रेजा. दहा वाजेपर्यंत कोणी नेलं नाही तर ते तसेच घरी जातात. त्यांतले कित्येक त्याच वस्त्यांमध्ये राहतात जिथं आपण फुकट रंग लावायला जातो. ज्याच्या शेजाऱ्याचं घर आपण रंगवलं त्याची त्या दिवशीची रोजी आपण खाल्लेली असू शकते. दोन मिस्त्री, एक रंगारी ठिय्यावरून घ्या, चालू दरानं, संध्याकाळी हातावर पैसे. ते पुढे आणि पोरं मागे. ओळंबा कसा धरायचा, गिलाव्याचा माल किती पातळ करायचा, शिडीचा पाय कुठं टेकवायचा, हे त्यांच्याकडून शिकायचं. पोरांना एकदा तरी कळू दे की ज्याला आपण अकुशल म्हणतो त्याच्या बोटांत किती विद्या असते. माझ्या पाहण्यात, बारावीला नव्वद टक्के मिळवलेला पोरगा दोन तास घासून एक भिंत सरळ करू शकला नाही. साठीच्या मिस्त्रीनं ती पाच मिनिटांत केली आणि त्याला ‘शिकशील रे पोट्ट्या’ म्हणून पाठीवर थाप मारली. तो पोरगा आता वास्तुकला शिकतो आहे.

कोणी म्हणेल, एवढं सगळं एका तरुण संघाला झेपायचं नाही. मग आठ घरं घेऊ नका. एक घ्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ८२ वर्षांचे असताना, २००६ मध्ये, लोणावळ्याजवळच्या पाटण गावात हॅबिटॅट या घरं बांधणाऱ्या संस्थेच्या कामाला आले होते. आठवडाभरात शंभर घरं उभी राहिली. तो आकडा ऐकून आपल्यालाही आकडा गाठायची घाई होते. पण तिथं दोनेक हजार हात होते, आणि हॅबिटॅटचा नियमच आहे की ज्याचं घर त्या कुटुंबानं स्वतः राबायचं. आपल्याकडे पंचवीस पोरं आहेत, त्यांतल्या दहाजणांची परीक्षा आहे. एक घर, पण पूर्ण. मे मध्ये छप्पर आणि नाली. जुलैत भर पावसात टॉर्च घेऊन पाहायला जाणं. ही फेरी सगळ्यात महत्त्वाची आणि ती आपण कधीच करत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नसतं, फक्त पाहायचं असतं. दिवाळीनंतर गिलावा. आणि पुढच्या उन्हाळ्यात, भिंत हातानं नाही तर प्लास्टिकच्या तुकड्यानं तपासून, रंग. कोणता, ते घरच्या बाईला विचारून. मावशीला आकाशी कधीच आवडला नव्हता. तिला पिवळा हवा होता. खोली अंधारी आहे, पिवळ्यानं उजेड वाटतो, म्हणाली. किती साधं कारण आहे, आणि आम्ही विचारलंच नाही.

गाडगेबाबांची आठवण येते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. गावात आले की आधी खराटा. नाल्या, रस्ते, उकिरडे. कीर्तन रात्री. आपली सुरुवात टी-शर्ट वाटण्यापासून आणि बॅनर बांधण्यापासून होते. बॅनर बांधायला जी शिडी लागते ती आधी छपराला लावावी.

२९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. ऐक्य, साक्ष, सेवा हे तीन शब्द त्याच्या ब्रीदात आहेत. ऐक्यावर आपल्याकडे परिषदा होतात, साक्षीवर उपदेश होतात. सेवेला आपण वर्षातला एक शनिवार देतो, तोही ज्यात थंडी गुलाबी असते. हे मला सहन होत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात एक गोष्ट आहे, संडे स्कूलला प्रत्येकानं चित्रात रंगवलेली. घर माणसांनी भरलेलं, आत जायला वाट नाही, म्हणून पक्षाघात झालेल्या मित्राला घेऊन आलेली माणसं थेट छपरावर चढतात, कौलं काढतात आणि त्याला खाटेसकट प्रभूच्या पुढ्यात सोडतात. मित्र उठून चालत घरी जातो. पाचवीत असताना मी बाईंना विचारलं होतं, त्या घराचं छप्पर नंतर कोणी नीट केलं? बाई म्हणाल्या, तसं लिहिलेलं नाही. मला अजूनही वाटतं, त्या मित्रांनीच केलं असणार. ज्यांना मित्रासाठी छप्पर उघडायचं सुचलं, ती माणसं ते तसंच उघडं टाकून जाणाऱ्यांतली नव्हती.

मावशीच्या घरी आम्ही पुढच्या मे महिन्यात गेलो. बॅनर नव्हतं. सात पोरं, ठिय्यावरचा एक मिस्त्री आणि मी. पहाटे सव्वापाचला टिन अजून हाताला गार होतं. मिस्त्री वर, एक पोरगी शिडीच्या शेवटच्या पायरीवर वायसरांची पिशवी धरून, बाकीचे खाली. जुने हुक एकेक सोडवून त्यानं नवे वायसर घातले, दोन पत्रे सरकवून चढ वाढवला, भिंतीकडची फट बुजवली. साडेनऊला टिनाला हात लावणं अवघड झालं तेव्हा तो म्हणाला, पाणी टाकून बघू.

मे महिन्यात पाऊस आणायचा कुठून? बादलीनं. तीच बादली, आकाशी ओघळांची. पोरांनी हातोहात वर दिली. मावशी आत गेली, खोलीच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसली आणि वर बघत राहिली. मिस्त्रीनं पहिली बादली माथ्यावर ओतली. टिनावरून पाणी धडधडत गेलं, आत आवाज मोठा झाला.

‘गळून राहिलं ना भाऊ अजून!’ आतून ओरडली.

‘कुठं?’

‘इथं नाही, पहिल्या जागी नाही. दाराकडं. येऊन बघा ना पोट्टेहो.’

शिडीवरची पोरगी उतरून आत धावली, तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या बोटाच्या दिशेनं वर पाहू लागली. मिस्त्री दाराच्या बाजूला सरकला. आम्ही बादली पुन्हा भरायला घेतली.